बिनपाटीचे इंजिन

दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्या घरी साफसफाईचा जो उत्सव चालतो, त्यात माझ्या वाट्याला दरवर्षी एकच काम येते. दारावरची पितळी पाटी घासणे. माळ्यावरचे डबे उतरवणे, पंखे पुसणे वगैरे जबाबदारीची कामे माझ्यावर सोपवू नयेत, असा ठराव सौभाग्यवतींनी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी केला. त्याला कारणही तसेच घडले होते. पण तो विषय आज नको. तर एका वाटीत चिंच, दुसरीत रांगोळी आणि हातात जुन्या पंचाचा तुकडा घेऊन मी उंबऱ्यात बसतो आणि पाटी लख्ख करतो. गंमत अशी की, पाटीवरचे नाव माझे नाही. ते वडिलांचे आहे, 'बी. ए., एलएल. बी.' या अक्षरांसह. वडिलांना जाऊन अकरा वर्षे झाली. पाटी बदलावी असे ना कोणी सुचवले, ना मला सुचले. पार्सले घेऊन येणारे पोरगे मला वडिलांच्याच नावाने हाक मारते आणि मी निमूटपणे 'ओ' देऊन सही करतो.

यंदा पाटी घासता घासता मला एकदम पेनसिल्व्हेनियातले एक इंजिन आठवले, आणि हात थांबला.

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आमचे दादा ठाऊक आहेत. दादा म्हणजे सौ.चे थोरले चुलतबंधू. विजेचे इंजिनिअर. चाळीस वर्षांपूर्वी अमेरिकेत गेले, तिथल्या एका कारखान्यात आयुष्य काढले आणि आता पिट्सबर्गजवळ निवृत्तीचे दिवस काढीत आहेत. निवृत्त माणसाने देवळात जावे, नातवंडे खेळवावीत. दादा दर शनिवारी उठून चाळीस मैलांवरच्या एका लहानशा गावातल्या कोळसाखाणीच्या संग्रहालयात जातात आणि तिथली जुनी यंत्रे पुसत बसतात. पगार नाही. दुपारी एक सँडविच मिळते, तेही वहिनींनी बांधून दिलेले.

गेल्या मे महिन्यात आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो होतो. पहिल्याच शनिवारी दादा म्हणाले, "मास्तर, चला माझ्याबरोबर. नायगारा काय, पळून जात नाही."

मी गेलो. एका पत्र्याच्या शेडमध्ये पाच-सहा लोखंडी धुडे ओळीने उभी होती. इंजिन म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे धुराडे, शिट्टी आणि खंडाळ्याचा घाट येतो. इथे तसले काही नव्हते. माझ्या कमरेएवढी उंची, लांबी एखाद्या मोटारीएवढी, दोन्ही अंगांना जाड लोखंड, आणि एका टोकाला चालकासाठी खोलगट खाच. जणू एखादी दणकट तिजोरी आडवी पाडून तिला चाके लावली आहेत. कोळशाचा थर जिथे तीन-चार फूटच जाड, तिथे बोगदाही तेवढाच बुटका. मग इंजिनाला मान वर काढण्याची मुभा कुठली? चालकालाही नाही. तो त्या खाचेत पाय मुडपून, डोके खाली घालून आठ-आठ तास बसे. त्याच्या डोक्याजवळून तांब्याची उघडी तार जाई, तीत २५० व्होल्टचा प्रवाह. एका दांड्याने इंजिन ती तार चाटत चाले आणि रुळांतून प्रवाह परत जाई. चुकून मान उंचावली की संपलेच.

"आणि या चालकाला इथे काय म्हणत, ठाऊक आहे?" दादांनी विचारले. "मोटरमन!"

मी एकदम माझ्या मुलुखात आल्यासारखा सुखावलो. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेची गाडी पहिल्यांदा धावली. तेव्हापासून 'मोटरमन' हा शब्द आपल्याकडे इतका मुरला आहे की तो परका आहे, हे सांगावे लागते. पण पेनसिल्व्हेनियाच्या खाणीत हा शब्द त्याहून जुना. तिथले खाणकामगार त्या सबंध इंजिनालाच 'मोटर' म्हणत. लोकोमोटिव्ह हा शब्द कचेरीतला, खाणीत 'मोटर'. वाचकहो, ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तीवरच सगळे घोडे अडणार आहे.

या इंजिनांचा जन्म मात्र अमेरिकेतला नव्हे. १८७९ साली बर्लिनच्या प्रदर्शनात सीमेन्सने विजेची चिमुकली गाडी चालवून दाखवली आणि लोकांनी तीत बसायला गर्दी केली. ते इंजिन मुळात कोटबुसकडच्या एका खाणीसाठी योजलेले होते, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. तीन वर्षांनी, १८८२ साली, ड्रेस्डेनजवळ झाउकेरोडेच्या कोळसाखाणीत सीमेन्स आणि हाल्स्के यांचे विजेचे इंजिन खरोखरच भुयारात उतरले. त्याचे नाव 'डोरोथेआ'. ही बाई १९२७ पर्यंत, म्हणजे पंचेचाळीस वर्षे, कोळसा ओढीत होती. अमेरिकेत मग कारखान्यांची झुंबड उडाली. ओहायोमधील कोलंबसचा जेफ्री, शिकागोचा गुडमन, स्केनेक्टडीची जनरल इलेक्ट्रिक, फिलाडेल्फियाचा बाल्डविन. सेंट लुइसच्या मांचा कंपनीने तर बॅटरीवर चालणाऱ्या आपल्या इंजिनाला 'विजेचे खेचर' असेच नाव दिले होते. कारण त्याआधी खाणीतल्या गाड्या खेचरे ओढीत. नव्याचे बारसे जुन्याच्या नावाने, हा प्रकार भाषेला नवा नाही.

दादांनी मला एकेका इंजिनापुढे नेऊन त्याची पाटी दाखवली. प्रत्येक कारखाना आपल्या मालावर पितळेची किंवा बिडाची पाटी ठोकी. तीवर कारखान्याचे नाव, गाव आणि अनुक्रमांक. कधी इंजिनाचे वजन, कधी गेज, कधी व्होल्ट. गेज लिहिणे जरुरीचे असे, कारण एका खाणीचे रूळ दुसऱ्या खाणीला जोडायचेच नसत. कोणी ३६ इंचांवर रूळ टाकी, कोणी ४२, कोणी ४४. इंजिन मागवायचे ते टनांवर. सहा टनांचे द्या, दहा टनांचे द्या, अशी मागणी. वजन जास्त तितकी रुळावरची पकड घट्ट आणि ओढ मोठी.

सर्वांत महत्त्वाचा तो अनुक्रमांक. बाल्डविनचे उदाहरण घ्या. या कारखान्याने वाफेचे असो वा विजेचे, आपले प्रत्येक इंजिन एकाच माळेत ओवले. त्यांचे दहा हजारावे इंजिन १८८९ सालचे, वीस हजारावे १९०२ चे, तीस हजारावे १९०७ चे, चाळीस हजारावे १९१३ चे आणि पन्नास हजारावे १९१८ चे. साठ हजारावे १९२६ मध्ये बाहेर पडले. ते आजही फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये उभे आहे. तेव्हा पाटीवर आकडा सापडला की इंजिनाचे वय बोटांवर काढता येते. आपल्याकडे पोथीच्या शेवटी शक, संवत्सर, तिथी, वार लिहिलेला असतो ना, तसेच.

मी तसे म्हणालोही. दादा हसले. "म्हणूनच तुम्हाला आणलं. इकडे या."

शेडच्या कोपऱ्यात एक इंजिन उभे होते. इतरांहून मळलेले, एका बाजूचे लोखंड कुठूनसे कापून दुसरे जोडलेले. त्याच्यापुढच्या पुठ्ठ्यावर लिहिले होते : 'कारखाना अज्ञात. साल अज्ञात.' गावातली खाण १९५० नंतरच्या वर्षांत बंद झाली, तेव्हा हे धूड तिथेच पडून राहिले. पितळेची पाटी कोणी तरी केव्हाच काढून नेली होती. पितळ मोडीत विकले जाते, आणि जे मोडीत जात नाही ते हौशी लोकांच्या भिंतीवर जाते.

"तीन वर्षं शोधतोय मी याचं नाव," दादा म्हणाले. स्वर असा, की जणू हरवलेल्या मुलाबद्दल बोलत आहेत.

आणि त्याच आठवड्यात पाटी सापडली!

झाले असे. गावात पंच्याऐंशीच्या घरातल्या एक आजीबाई राहतात. त्यांचे वडील स्लोव्हाक. लहानपणी आईबापांबरोबर बोटीने आले, वयात येताच खाणीत उतरले आणि पुढे मोटरमन झाले. आजीबाई घर विकून मुलीकडे राहायला निघाल्या होत्या. सामान आवरताना वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत, रुमालात गुंडाळलेली एक पितळी पाटी निघाली. लहानपणी वडील ती कधी तरी काढून दाखवीत आणि म्हणत, "ही माझ्या मोटरची." आजीबाई पाटी घेऊन थेट संग्रहालयात आल्या. खाण गावातलीच, मोटर गावातलीच, आणि गावात उरलेले बेवारशी इंजिन एकच. संग्रहालयाच्या मंडळींना आनंदाचे भरते आले. पुढच्या शनिवारी छोटा समारंभ करायचा, आजीबाईंच्याच हाताने पाटी इंजिनावर बसवायची, गावच्या वृत्तपत्राचा माणूस बोलवायचा, असे सारे ठरले. फळ्यावर तारीखही लागली.

पाटी जपून पुसायला दादांनी घरी आणली होती. गुरुवारी रात्री जेवणे झाल्यावर ती टेबलावर मधोमध ठेवली आणि आम्ही चौघे भोवती बसलो. वरच्या अंगाला वेस्टिंगहाउसचे नाव आणि पिट्सबर्ग. खाली बारीक अक्षरांत तारखांची एक ओळ.

"या कसल्या?" मी विचारले.

"पेटंटच्या. यंत्राच्या ज्या ज्या भागावर पेटंट घेतलं, त्याची तारीख. यातली शेवटची तारीख पाहायची. यंत्र तिच्या आधीचं असणं शक्य नाही. आणि आणखी एक युक्ती आहे. अमेरिकेत पेटंट फक्त मंगळवारी देतात. गेली दीडशेहून अधिक वर्षं हाच नेम. आता हौशी लोकांसाठी खोट्या पाट्याही ओतल्या जातात. खोटी पाटी करणारा तारखा मनानं घालतो आणि मग वार चुकतो."

दादांनी एकेक तारीख कॅलेंडरवर ताडून पाहिली. सगळे मंगळवार. पाटी अस्सल होती. दादांनी समाधानाने चश्मा काढून ठेवला. वहिनींनी सर्वांना आंबा बर्फी दिली.

बर्फी खाता खाता मी आपली पाटी वाचीत होतो. दुसरे काही येत नसले तरी वाचणे हा माझा धंदा आहे. व्होल्ट होते. अँपिअर होते. अश्वशक्ती होती. मिनिटाला किती फेरे, तेही होते. मी पुन्हा वाचले, आणि सकाळी दादांनीच शिकवलेले मला आठवले.

"दादा, यात गेज कुठे आहे?"

"नसतं कधी कधी."

"वजन?"

दादा गप्प झाले.

"आणि मिनिटाला फेरे कोण घेतं? इंजिन?"

यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पाटी उचलून त्यांनी दिव्याखाली धरली. विजेच्या धंद्यात चाळीस वर्षे काढलेल्या माणसाला हे दिसले नव्हते, असे मी म्हणणार नाही. दिसले असेल, पण तीन वर्षे एखाद्या गोष्टीची वाट पाहिली की, ती आल्यावर माणूस तिला ओळखपत्र विचारीत नाही. इंजिनाला गेज असते, वजन असते. मिनिटाला अमुक फेरे घेते ती त्याच्या पोटातली, आसाला दातेरी चाकाने जोडलेली विजेची मोटर. ही पाटी इंजिनाची नव्हतीच. मोटरची होती.

'ही माझ्या मोटरची.' त्या माणसाने मुलीला खरे तेच सांगितले होते. ऐकणाऱ्यांनी खाणीतला अर्थ घेतला, पाटीवर कारखान्यातला होता. एक शब्द, दोन अर्थ. वर्गात श्लेष शिकवताना मी इतकी चांगली उदाहरणे देत नाही.

"म्हणून काय बिघडलं?" सौ. म्हणाली. "मोटर त्या इंजिनातलीच असेल की."

असेलही. नसेलही. मोटरी जळत. जळली की खाणीच्या वर्कशॉपात एका इंजिनातली काढून दुसऱ्यात बसवीत. वीस-तीस वर्षे राबलेल्या इंजिनात मूळची मोटर टिकली तर नवल. पुन्हा वेस्टिंगहाउस विजेचे सामान करी. त्याच्या जोडीला चौकट आणि चाके बाल्डविनची. दोघांनी १८९५ साली तसा करारच केला होता. एका इंजिनाला दोन बाप, आणि दोघांच्या पाट्या. हा प्रकार आपल्याकडेही झाला. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात 'सर लेस्ली विल्सन' नावाचे विजेचे इंजिन आहे. त्याच्या जातीची इंजिने आपल्या घाटांत मालगाड्या ओढीत असत. त्यांतली काही स्वित्झर्लंडमधील विंटरथूरला बांधलेली, काही इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत, आणि विजेची यंत्रे मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सची. आता यातली कोणतीही एक पाटी सुटी सापडली आणि तीवरून कोणी इंजिनाचे गोत्र सांगू लागला, तर तो फसणारच.

"मास्तर," दादा शेवटी म्हणाले, "परवा समारंभ आहे. त्या आजीबाईंनी मुलीला, नातवंडांना बोलावलंय. पाटी अस्सल आहे. लावली तर कोणाचं काय जाणार? आपल्या चौघांखेरीज कोणाला कळणारही नाही."

हे ऐकून मला जे आठवले, ते मी त्या रात्री पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितले. सौ.लाही ठाऊक नव्हते. मी सत्तावीस वर्षांचा असताना एका पोथीवर लेख लिहिला होता. पोथीच्या शेवटी शक स्पष्ट होता. त्यावरून मी तिचे वय काढले, ते तोवरच्या सगळ्या प्रतींहून जुने निघाले, आणि लेख छापून आल्यावर आठ दिवस मी जमिनीपासून चार बोटे वरून चालत होतो. नवव्या दिवशी एका वृद्ध पंडितांचे पोस्टकार्ड आले. त्यात एकच ओळ : 'कागद पाहिलात काय?' मी कागद पाहिला नव्हता. उजेडासमोर धरला, तर त्यात गिरणीचे जलचिन्ह. पोथीवरच्या शकाहून कितीतरी अलीकडचे! लेखनिकाने समोरची जुनी पोथी उतरून काढली आणि तिच्या अखेरचा शकही इमानाने उतरून घेतला. त्याने लबाडी केली नव्हती. मीच पाटी वाचली आणि इंजिन पाहिले नाही. पंडितांनी ही गोष्ट बाहेर कोठे बोलून दाखवली नाही. दुरुस्ती छापायला मी धजलो नाही. लेख आजही तसाच आहे, आणि अधूनमधून एखादा विद्यार्थी आपल्या प्रबंधात त्याचा आधार घेतो. अशा वेळी मी प्रबंधाचे पान उलटतो.

वहिनी म्हणाल्या, "मग उद्या जा आणि इंजिनाचा कागद पाहा."

शुक्रवारी सकाळी दादा आणि मी रॉकेल, तारेचा ब्रश, खडू आणि विजेरी घेऊन त्या कोपऱ्यात पोटावर पडलो. (माझ्या वयाच्या आणि आकाराच्या गृहस्थाने हे करू नये.) दादा चौकट पाहत होते. बहुतेक कारखाने अशा इंजिनाला सबंध जाड तक्त्यांच्या बाजू देत. बाल्डविनने मात्र वाफेच्या इंजिनातली आपली जुनी सवय इकडे आणली आणि जाड लोखंडी पट्ट्या जोडून केलेली, मध्ये मोकळ्या खिडक्या असलेली चौकट वापरली. हा त्या घराण्याचा कुळाचारच म्हणा. आमच्या इंजिनाची एक बाजू कापून नवी जोडलेली, त्यामुळे आजवर कोणाच्या ध्यानात आले नव्हते. पण दुसऱ्या बाजूला, शंभर वर्षांच्या तेलकट राडीखाली, त्या खिडक्या होत्या.

"बाल्डविन!" दादा इंजिनाखालूनच ओरडले.

पुढचे दोन तास आम्ही राड खरवडली. जोडणी करताना भाग अदलाबदल होऊ नयेत म्हणून कारखान्यात त्यांवर आकडे ठोकीत. पाटी चोरता येते, ठोकलेला आकडा चोरता येत नाही. मागच्या चाकाच्या आड, चौकटीच्या आतल्या अंगाला दादांच्या बोटाला काही तरी खडबडीत लागले. रॉकेलने पुसून त्यावर आडवा खडू फिरवला, तेव्हा लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की राजाचा मुखवटा उमटे, तसे आकडे उमटले. एकंदर पाच. चार. तीन. तिसरा गंजाने खाल्लेला. मग सात. शेवटचा एक किंवा सात, यावर दादांचे आणि माझे अजून एकमत नाही.

त्रेचाळीस हजार आणि काही. म्हणजे १९१३ च्या चाळीस हजारानंतरचे आणि १९१८ च्या पन्नास हजाराच्या आधीचे. पहिल्या महायुद्धाच्या वर्षांतले. दादा उठून बसले. तोंडभर काजळी. त्यांनी त्या लोखंडावर एकदा नुसता हात ठेवला.

आता आजीबाईंना सांगायचे कोणी? दादा म्हणाले, तुम्ही. मी म्हणालो, अहो, मी पाहुणा. दादा म्हणाले, पाहुण्यावर रागावत नाहीत.

संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे गेलो. खोकी बांधून भिंतीशी रचलेली होती. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळे सांगितले. गेज, वजन, फेरे. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे वडील खोटं बोलले?"

"मुळीच नाही. ते म्हणाले, मोटरची. पाटी मोटरचीच आहे. अस्सल आहे. तारखासुद्धा तपासल्या आहेत. फक्त या इंजिनाची म्हणून ती लावता येणार नाही."

त्या थोडा वेळ थांबल्या. "प्रोफेसर, मी ते इंजिन खाणीत कधी पाहिलं नाही. बाईनं खाणीत पाऊल टाकलं की अपघात होतो, अशी तेव्हा समजूत होती. वडील दारात यायचे ते काळे होऊनच. आंघोळ केली की मगच चेहरा दिसायचा. म्हणून मला वाटलं होतं, निदान एकदा, ते ज्यावर बसायचे त्यावर त्यांचं काही तरी असावं."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. दादांजवळ होते. ते म्हणाले, "बाई, कारखान्याच्या पाटीवर सगळं असतं. बांधणारा, गाव, आकडा. चालवणाऱ्याचं नाव तीवर कधीच नसतं. ते आम्ही लिहू शकतो. त्याला पाटी लागत नाही, पुठ्ठा पुरतो. इंजिन त्यांचंच होतं असं मात्र लिहिता येणार नाही. या खाणीत ते मोटरमन होते, असं लिहिता येईल. खाणीच्या पगाराच्या वह्या आमच्याकडे आहेत. मी उद्या पाहतो."

वह्यांत नाव निघाले. हुद्दा मोटरमन. समारंभ ठरल्या दिवशीच झाला. फक्त पाटी बसली ती इंजिनावर नव्हे, त्याच्या शेजारच्या काचेच्या पेटीत. वृत्तपत्राचा माणूस जरा हिरमुसला, कारण पेचकस हातात घेतलेल्या आजीबाईंचे छायाचित्र त्याला मिळाले नाही. आजीबाई मात्र चालकाच्या खाचेशी गेल्या, वाकून आत पाहिले आणि आपल्या नातवाला म्हणाल्या, "बघ, एवढीशी जागा." नातू सहा फुटांहून उंच होता. त्याने आत बसून पाहिले. गुडघे हनुवटीला लागले.

आम्ही परत आलो. दसऱ्याला दादांनी नव्या पुठ्ठ्याचे छायाचित्र माझ्या फोनवर पाठवले. पाटीवर लिहिले आहे : 'बाल्डविन, फिलाडेल्फिया. १९१३ ते १९१८ च्या दरम्यान. अनुक्रमांक ४३?७१ किंवा ४३?७७.' पेटीवर त्या माणसाचे नाव, तो कोणत्या साली खाणीत लागला ते, आणि खाली 'वेस्टिंगहाउसच्या एका मोटरची पाटी, या खाणीतील. "ही माझ्या मोटरची," असे ते म्हणत.' ते शेवटचे वाक्य आजीबाईंनी आग्रहाने घालायला लावले, आणि त्यातला 'मोटर' हा शब्द बदलू दिला नाही.

सोबत दादांचा प्रश्नही होता : 'मास्तर, तुमच्या त्या लेखाचे काय केलेत?'

चिंच वाळून चालली होती. मी पाटीवरचे 'एलएल. बी.' दुसऱ्यांदा घासले. आतून आवाज आला, "झाली का हो पाटी? का वाचताच आहात अजून?"

"झाली," मी म्हणालो. "एक पोस्टकार्ड मिळेल का घरात?"

"पोस्टकार्ड? आता? कोणाला?"

ज्या नियतकालिकात लेख आला होता ते अजून निघते. संपादक दोनदा बदलले आहेत. पोस्टकार्ड घरात नव्हते. शेवटी मुलीच्या वहीतला कागद फाडून घेतला.